आमचा ब्रूनो काही करत नाही हो!

सकाळी पावणेसातला आईचा फोन आला की दोनच शक्यता असतात. एक तर कुणीतरी गेलं, नाहीतर कुणीतरी स्थळ आणलं. त्या दिवशी मात्र तिसरंच निघालं.

‘‘अगं, ब्रूनो चावला.’’

‘‘कुणाला?’’ मी अर्धवट झोपेत.

‘‘शेजारच्या काकांना. पोटरीला. रक्त आलंय. आणि तुझे बाबा त्यांच्याशीच भांडतायत.’’

झोप खाडकन उडाली!

थोडा फ्लॅशबॅक. ब्रूनो हा माझा लॅब्रेडॉर. म्हणजे कागदोपत्री माझा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एकटीनं भिंतींशी गप्पा मारायची वेळ आली, तेव्हा हौसेनं आणलेला. मग सगळं सुरू झालं, माझी भटकंती वाढली, घरमालकाच्या कपाळावर आठ्या चढल्या आणि एका दिवाळीत मी त्याला अंबाजोगाईला आई-बाबांकडे ‘थोडे दिवस’ म्हणून सोडून आले. ते थोडे दिवस अजून संपायचेत. (तुमच्यापैकी किती जणांची कुत्री-मांजरं अशी गावाकडे पोस्टिंगवर आहेत? हात वर करा!)

आता काका. गेली वीस वर्षं ते रोज पहाटे आमचं फाटक उघडून देवीसाठी जास्वंदीची फुलं नेतात. विचारून वगैरे नाही. शेजाराला कसलं आलंय विचारणं? त्या दिवशी पाऊस होता, अंधार होता आणि काकांनी नवा रेनकोट घातला होता, डोक्यावर टोपी ओढलेली. ब्रूनोला तो माणूस ओळखीचा वाटला नाही. पुढचं अर्ध्या सेकंदात झालं.

पण खरं भांडण चाव्यामुळे लागलं नाही. बाबा बाहेर धावत आले आणि घाबरून बोलून गेले, ‘‘न विचारता फाटक उघडलंत कशाला?’’ बस्स. वीस वर्षांची फुलं एका वाक्यात चोरीची झाली. काकांनी उलट सुनावलं, काकू भिंतीपलीकडून बोलायला लागल्या, गल्ली जमली. या सगळ्या गोंधळात वीसेक मिनिटं गेली, आणि तेवढ्या वेळात काकांची जखम कुणी धुतलीच नाही. काकूंनी वरून हळद तेवढी दाबली.

म्हणून आधी कामाचं सांगते, बाकीचं नंतर. कुत्रं कुणाचंही असो, चावलं की पहिलं काम वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम धुणं. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही नाही. मग थेट दवाखाना. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य, पण त्याआधी वेळेवर लस घेतली तर धोका टळतो. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती मनातून काढून टाका, ती जुनी लस आपल्याकडे 2005 च्या सुमारासच बंद झाली. आता दंडाला टोचतात: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलं असेल तर शिवाय जखमेत इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं. ‘आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे’ म्हणून माणसाची लस टाळायची नाही.

आणि इथे माझी विकेट पडली. ब्रूनोचं लसीचं कार्ड माझ्या पुण्याच्या ड्रॉवरमध्ये होतं. उघडून पाहिलं, तर त्याचा वार्षिक डोस चार महिन्यांपूर्वीच द्यायला हवा होता. आई-बाबांना तारीख माहीतच नव्हती. ती मीच कळवायची होती.

रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. काका स्वाराती रुग्णालयात जाऊन पहिलं इंजेक्शन घेऊन आले होते, एवढीच चांगली बातमी. बाकी सगळा धुरळा. तीन वर्षांपूर्वी बाबांनी मधली भिंत दोन थर वाढवली, तेव्हा दोन्ही घरांत जरा वाजलं होतं. शेताचा बांध असो नाहीतर घराची भिंत, आमच्याकडे तिच्यावरून पिढ्या अबोल राहतात. आता गल्लीची थिअरी अशी होती, की सरांनी जुना राग काढला. कुत्रं मुद्दाम सोडलं!

मला लवूळ आठवलं. आमच्याच जिल्ह्यातलं, माजलगाव तालुक्यातलं गाव. डिसेंबर 2021 मध्ये तिथली माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून उंचावर नेत होती, वन विभागानं शेवटी दोन माकडं पकडून नेली. जगभर बातमी झाली, ‘माकडांचा सूड’! प्राण्यांचे अभ्यासक सांगत होते, सूड वगैरे नसतो हो, वर नेलेली पिल्लं उपाशी राहतात, पडतात आणि मरतात. पण सूड म्हटलं की गोष्ट कशी झकास रंगते! आमच्या गल्लीचंही तेच झालं होतं. खरी गोष्ट नव्या रेनकोटाची होती, पण त्यात मसाला कुठाय?

काकांच्या मुलाचा फोन येऊन गेला होता, ‘‘पोलिसांत जातो.’’ बाबांचं उत्तर, ‘‘खुशाल जा.’’ मी माझ्या वकील मैत्रिणीला गाठलं. ती म्हणाली, हसण्यावारी नेऊ नकोस. पाळलेल्या प्राण्यापासून लोकांना इजा होऊ नये, याची काळजी न घेणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत त्याला कलम 289 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मग तिनं मुंबईतल्या दोन केसेस सांगितल्या.

पहिली वरळीची. फेब्रुवारी 2018. एक माणूस दीड वर्षांच्या मुलाला घेऊन लिफ्टमध्ये होता. त्याच इमारतीतला दुसरा रहिवासी आपला हस्की घेऊन आत शिरायला लागला. बाप म्हणाला, जरा थांबा, मुलगा कुत्र्याला घाबरतो. ऐकलं नाही, कुत्र्याला ओढत आत आणलं. कुत्रा बापाच्या हाताला चावला. मे 2025 मध्ये निकाल लागला: मालकाला चार महिन्यांची सक्तमजुरी आणि 4,000 रुपये दंड. दुसरी 2010 सालची, नेपियन सी रोडवरची. गाडीपाशी दोघांचा वाद चाललेला, आत रॉटवायलर. दार उघडू नका म्हणून सांगितलं होतं. उघडलं. कुत्रा 72 वर्षांच्या गृहस्थांना चावला. जानेवारी 2023 मध्ये मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली.

एक केस सात वर्षं चालली, दुसरी बारा. म्हणजे त्या भांडणाचं आयुष्य कुत्र्याच्या आयुष्याइतकं!

मला मात्र वर्षांपेक्षा दुसरीच गोष्ट टोचली. दोन्हीकडे चावण्याच्या आधी कुणीतरी ‘थांबा’ म्हटलं होतं. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की सोसायटी पाळीव कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही, त्याला लिफ्टही नाकारू शकत नाही. हक्क होताच. पण समोर घाबरलेलं पोर असताना पुढच्या लिफ्टनं गेलं तर आपला हक्क काही झिजत नाही.

मी आईला विचारलं, ‘‘काकू याआधी कधी काही बोलल्या होत्या?’’

आई गप्प. मग म्हणाली, ‘‘दोनदा. बांधत जा ना बाई त्याला, मला लई भ्या वाटतंय, म्हणाल्या होत्या.’’

‘‘तू काय म्हणालीस?’’

‘‘म्हटलं, आमचा ब्रूनो काही करत नाही हो.’’

हे वाक्य मीही हजारदा म्हटलंय. पार्किंगमध्ये, जिन्यात, भिंतीला चिकटून उभ्या राहिलेल्या डिलिव्हरीवाल्याला. अगदी हसत हसत. आपण कुत्र्याचं सर्टिफिकेट देतो, आणि समोरच्याला ऐकू येतं, की तुझी भीती म्हणजे फालतू लाड आहेत. आमचं भांडण त्या पावसाळी सकाळी नाही, काकूंच्या पहिल्या तक्रारीच्या दिवशीच सुरू झालं होतं.

मी एकटीच पलीकडे गेले. काकांच्या पाया पडले आणि स्पष्ट सांगितलं, ‘‘कुत्रा माझा. लसीची तारीख मी चुकवली. पुढच्या प्रत्येक इंजेक्शनला मी सोबत येणार.’’ बाबांना वाटत होतं, माफी मागितली की केस हरलो. अहो, विचारपूस म्हणजे कबुलीजबाब नव्हे. काकूंनी चहा विचारला नाही. मीही अपेक्षा केली नव्हती.

तिसऱ्या दिवशी काका माझ्या मागे स्कूटीवर बसले, जाता-येता एक शब्द नाही. पण घरी एक गंमत चालली होती. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. तो ठणठणीत राहिला, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं समजतात. हे काकांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यामुळे रोज सकाळी भिंतीवर त्यांची पांढरी टोपी दिसायची. ज्याच्यावर पोलीस केस करायची, त्याच्याच तब्येतीवर अख्ख्या घराचा जीव टांगलेला! एकदा ब्रूनोनं पोळी हुंगून सोडली, तर भिंतीपलीकडून घाबरा आवाज आला, ‘‘सर, हा जेवत का नाही?’’

घटनेनंतर बाबा आणि काका एकमेकांशी पहिल्यांदा बोलले ते हे वाक्य. बाबांनी लगेच दुसरी पोळी आणली. ब्रूनोनं खाल्ली. दोघंही पाहत उभे राहिले.

दहाव्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी ब्रूनोला तपासून ओके दिला, पुढे त्याची लसही झाली. पोलिसांत कुणी गेलं नाही. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या इंजेक्शनला मी पुण्याहून पुन्हा गेले. तेव्हा काका स्कूटीवरून उतरताना म्हणाले, ‘‘रेनकोट मीच बदलतो आता.’’

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. काकू अजूनही आमच्या फाटकावरून जाताना पदर सावरून दुसऱ्या कडेला होतात. आता फाटकाला आतून कडी आहे, ब्रूनोला दोरी आहे, लसीची तारीख माझ्या मोबाइलमध्ये आणि बाबांच्या कालनिर्णयवर, दोन्हीकडे आहे. जास्वंदीची फुलं पहाटे बाबाच तोडतात आणि परडी भिंतीवर ठेवतात.

आणि कुणी ब्रूनोकडे पाहून दचकलं, की आई आता एकच म्हणते, ‘‘थांबा हं, आधी त्याला बांधते.’’