जाळी बसवण्याआधी

'अंग बाहेर येणं' हे शब्द आपल्या घरांत कुजबुजतच बोलले जातात, पुरुषांसमोर तर नाहीच. गर्भाशय किंवा मूत्राशय जागा सोडून खाली उतरतं. चार-पाच बाळंतपणं, जड कामं, जुना खोकला, पाळी गेल्यावर आलेलं सैलपण. लघवी गळते, वुजू टिकत नाही म्हणून बायका मनात झुरतात, पण दवाखान्यात जात नाहीत. जातात तेव्हा गोष्ट ऑपरेशनपर्यंत आलेली असते.

आमच्या गल्लीतल्या एका खालांना सांगितलं गेलं, "जाळी बसवू, पुन्हा त्रास नाही." संमतीपत्र इंग्रजीत, सही मुलाची. खालांना वाटलं, काही दिवसांनी विरघळणारं कापड असेल. मी भाषा शिकवते, त्यामुळे हा शब्दच मला खटकला. खिडकीची जाळी काढता येते. ही पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकची, आणि मांसात रुजणारी. काढायला कधी दोन-तीन ऑपरेशनं लागतात, तरी पूर्ण निघेलच असं नाही.

फायदा खोटा नाही. २०१६च्या कॉक्रेन आढाव्यानुसार एक ते तीन वर्षांत अंग पुन्हा उतरल्याची जाणीव साध्या टाक्यांनंतर शंभरात १९ जणींना, तर योनीमार्गे बसवलेल्या जाळीनंतर १० ते १५ जणींना होते. पण शंभरात १२ जणींची जाळी आतल्या त्वचेतून उघडी पडते आणि ८ जणींना त्यासाठी पुन्हा टेबलावर जावं लागतं. माझ्या मते पहिल्याच ऑपरेशनसाठी हा सौदा महाग आहे. अमेरिकेच्या एफडीएने २०१९मध्ये या कामासाठी योनीमार्गे बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवली. ब्रिटनमध्ये २०२०च्या चौकशी अहवालाने तर स्पष्टच म्हटलं की बायका दुखणं सांगत होत्या आणि कुणी ऐकत नव्हतं.

पोटातून बसवायच्या जाळीची गोष्ट वेगळी. तिच्यात उघडं पडण्याचं प्रमाण कमी असतं आणि ती आजही वापरात आहे. म्हणून 'जाळी' एवढंच ऐकून घाबरूही नका, हो ही म्हणू नका. कुठून बसवणार, टाक्यांनी भागेल का, आधी रिंग आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम करून पाहू का, हे बाईने स्वतः विचारावं. कागद तिच्या भाषेत वाचून दाखवायला सांगावं आणि सही तिनेच करावी. बसवलीच तर कंपनीचं नाव आणि जाळीचा नंबर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावा. दहा वर्षांनी त्रास झाला तर दुसरा डॉक्टर पहिलं तेच विचारेल.