किनाऱ्यावर विसावलेली पाणबुडी

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ नांवाची पाणबुडी कायमची विसावली आहे. सोव्हिएत रशियांत बांधलेली ही नौका १९६९ च्या डिसेंबरांत आपल्या आरमारांत दाखल झाली, ३१ वर्षें सेवा करून २००१ सालीं निवृत्त झाली, आणि २००२ सालीं संग्रहालय म्हणून लोकांस खुली झाली. लांबी सुमारें ९१ मीटर. आंत माणसें पाऊणशें.

मुलें आंत शिरतांच टॉर्पेडोच्या नळ्यांकडे धांवतात. धांवोत बिचारीं! वडील मंडळींस मात्र आमची सूचना अशी कीं, त्यांनीं पायांखालच्या जमिनीकडे अधिक लक्ष द्यावें. पृष्ठभागावर ही नौका डिझेल-यंत्रांनीं चाले. पण खोल पाण्यांत यंत्रांस हवा कोठून मिळणार? तेथें विजेच्या मोटारी, आणि त्यांस वीज पुरविणाऱ्या शेंकडों बॅटऱ्या खलाशांच्या खोल्यांखालीं मांडलेल्या. त्या भारित होऊं लागल्या कीं हायड्रोजन वायु सुटतो. तो सांचला तर एक ठिणगी पुरे. समुद्राचें पाणी त्यांत शिरलें तर विषारी क्लोरीन. अशा जमिनीवर हीं माणसें निजत, जेवत. आणि गोडें पाणी इतकें मोजकें कीं स्नान ही चैनच. प्रातःस्नानावांचून ज्यांस चहा गोड लागत नाहीं, अशा आमच्या वाचकांनीं याची कल्पना करून पाहावी.

दालनांमधील भक्कम दारांचें काम याहून कठोर. एका दालनांत पाणी शिरलें कीं दार लावून उरलेली नौका वांचवावयाची, मग पलीकडे आपलाच सोबती कां असेना! संग्रहालयांत गणवेषांतले पुतळे उभे केले आहेत, ते आम्हांस मुळींच रुचले नाहींत. त्यांस ना घाम, ना डिझेलचा वास. त्यांपेक्षां माहिती सांगणारे निवृत्त नौसैनिक शतपटीनें बरे. मुलांनीं त्यांस खुशाल प्रश्न विचारावेत.

याच शहरासमोर समुद्राच्या तळाशीं दुसरी एक पाणबुडी आहे. १९७१ च्या डिसेंबरांत, ३ व ४ तारखांमधील रात्रीं, पाकिस्तानची ‘गाझी’ येथें बुडाली. नव्वदांहून अधिक माणसें तिजबरोबर गेलीं. ‘राजपूत’ या आपल्या विनाशिकेनें टाकलेल्या बाँबांनीं ती बुडाली, असें आपलें आरमार सांगतें. तिच्याच सुरुंगांचा अपघातानें स्फोट झाला, असें पाकिस्तानचें म्हणणें. बॅटऱ्यांतील हायड्रोजन पेटला असावा, असाही तर्क कित्येकांनीं केला आहे. वाद मिटलेला नाहीं. त्याच वर्षीं अरबी समुद्रांत गस्त घालून ‘कुरसुरा’ सुखरूप परतली; ‘गाझी’ अद्याप तेथेंच आहे.