बिनपगारी पर्यावरण

आवड असेल तर पैशाचा विचार करू नये, असं हल्ली मुलांना फार सांगितलं जातं. सांगणाऱ्यांच्या घरी बहुधा पैशाची विवंचना नसते. डॉक्टर व्हायला निघालेल्याला किंवा सी.ए. करणाऱ्याला हा उपदेश कोणी करत नाही. पण एखाद्या मुलीने पर्यावरणशास्त्र घेतलं म्हटलं की लगेच "वा! म्हणजे तुला पॅशन आहे!" आणि पॅशन आहे म्हटल्यावर पगार कशाला, असा सगळा हिशोब.

मंडळी, आज जरा रागातच लिहिते आहे, सांभाळून घ्या.

आमच्या चिपळूणकडे मी 32 वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. स्वतः मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, त्यामुळे पर्यावरणशास्त्रातलं मला काय कळतं, असं कोणी विचारलं तर विचारू दे. हिशोब मात्र कळतो.

आधी मागचं थोडं सांगते. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. बऱ्याच वर्षांनी, 2003 च्या सुमारास, विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढला. पुण्याच्या डॉ. भरुचांनी त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं, आणि ते चांगलं आहे. एकूण तासिका 50, त्यातल्या 5 क्षेत्रभेटीच्या. म्हणजे नदी, डोंगर, तळं, एखादी प्रदूषित जागा प्रत्यक्ष बघायला पाच तास! तेही कागदावर. आमच्या इथे कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात 'पर्यावरण प्रकल्प' तयार मिळतो. वरचं पान बदलायचं, नाव घालायचं, स्पायरल करायचं. वाशिष्ठीच्या काठावर राहणारी मुलं गंगा शुद्धीकरणावरचा प्रकल्प सादर करतात, कारण दुकानात तोच असतो.

आता नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे एम.ए., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी 'ऑन जॉब ट्रेनिंग' आलं. चार श्रेयांक, म्हणजे 120 तास. कल्पना वाईट नाही. पण हजारो मुलांना एकदम कुठेतरी जाऊन काम करणं भाग पडलं की काय होतं, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. जागा कमी, मागणारे जास्त. मग जी गोष्ट फुकट मिळायची ती विकत मिळायला लागते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाली. तो एस.टी.त कंडक्टर. पोरगी हुशार आहे, आणि तिचं आजोळ दाभोळ खाडीवरचं. कुठल्या महिन्यात खाडीत काय मिळायचं आणि आता काय मिळत नाही, हे तिला आजीकडून तोंडपाठ. तिसऱ्या, कालवं, चिंबोऱ्या, सगळ्यांच्या जागा तिला ठाऊक. तिला मुंबईतल्या एका संस्थेचं पत्र आलं. दोन महिन्यांची इंटर्नशिप. विद्यावेतन नाही. स्वतःचा लॅपटॉप हवा. प्रवास स्वतःचा. वर नोंदणी शुल्क 3,000 रुपये. शेवटी प्रमाणपत्र.

बाप पत्र घेऊन माझ्याकडे आला. आम्ही कागदावर मांडलं. मुलींच्या पी.जी.त एक कॉट 7,000 प्रमाणे दोन महिन्यांचे 14,000. मेसचे 7,000. लोकलचा पास, बस, रिक्षा धरून 3,000. नोंदणीचे 3,000. झाले 27,000. लॅपटॉप वेगळाच. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला आणि म्हणाला, "बाई, ही नोकरी आहे की शाळा? नोकरी असेल तर पगार पायजे. शाळा असेल तर शिकवणार कोण ते तरी लिहिलेलं पायजे."

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येत असेल तर सांगा. ती मुलगी गेली नाही. सध्या बाजारपेठेत एका दुकानात बिलं करते. तिच्या जागी जी कोणी गेली असेल तिचा मला राग नाही, ती बिचारीही फुकटच राबली असणार. पण तिचं घर मुंबईत असणार, एवढं नक्की. म्हणजे खाडीचा अभ्यास करायचा कोणी, हे आता खाडीशी कोणाचा किती संबंध आहे यावर ठरत नाही. मुंबई-पुण्यात कोणाच्या मावशीचा फ्लॅट आहे, यावर ठरतं.

यावर नेहमीचं उत्तर असतं की संस्थांकडे पैसे नसतात. लहान संस्थांकडे नसतात, मान्य. चार माणसं आपल्या खिशातून देवराई राखतात त्यांच्याकडे कोण पगार मागेल? पण मग त्याला स्वयंसेवा म्हणा, रविवारी बोलवा, आणि आठवड्याचे सहा दिवस दहा ते सहा बसवून घेऊ नका. मोठ्यांची गोष्ट निराळी. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायला सांगितलं, आणि त्या कामांच्या यादीत पर्यावरण आहे. त्या पैशातून वृक्षारोपण होतं, फ्लेक्स लागतात, टोप्या आणि टी-शर्ट वाटले जातात. जीपच्या डिझेलला पैसे असतात. माहिती गोळा करून अहवाल तयार करणाऱ्या पोरीच्या जेवणाला नसतात! खड्डे खणणाऱ्या मजुराला रोजगार हमीवर मजुरी मिळते, आणि मिळायलाच हवी. त्याच खड्ड्यातलं झाड जगलं की मेलं याची नोंद ठेवणाऱ्या एम.एस्सी.ला प्रमाणपत्र.

आणि पैसे देणं अशक्य असतं तर कोणीच दिले नसते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून दर उन्हाळ्यात संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झाली की दोन महिने शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, विद्यावेतन, वर जाण्यायेण्याचं भाडं. (अर्ज आदल्या वर्षीच करायचा असतो, आपापल्या नातवंडांना सांगून ठेवा. आमच्याकडच्या कॉलेजातल्या किती मुलांना हे माहीत आहे? मी विचारलं त्यांपैकी एकालाही नव्हतं.) केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने 2017 साली हरित कौशल्य विकास कार्यक्रम काढला, तोही मुलांकडून फी न घेता. पहिल्या टप्प्यात देशातले दहा जिल्हे निवडून तिथल्या मुलांना वनस्पती-प्राणी ओळखून नोंदी करायला शिकवायचं, असं ते काम होतं. म्हणजे वाट माहीत आहे.

चांगले अभ्यासक्रम नाहीत असं मी म्हणत नाही. 1883 पासूनची मुंबईची बी.एन.एच.एस. पक्षी ओळखायला शिकवते. पुण्यात प्रकाश गोळ्यांनी 1982 साली काढलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीत शिकलेली माणसं मला भेटली आहेत, त्यांची नजर वेगळी असते. डेहराडूनला वन्यजीव संस्था आहे. तिथे पोचणाऱ्यांचं कौतुकच आहे. माझं भांडण वाटखर्चाशी आहे, आणि भाषेशी.

भाषेचं असं, की माहितीपत्रक इंग्रजीत, अर्ज इंग्रजीत, मुलाखतही इंग्रजीत, आणि काम कुठे? तर गावात, म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलायचं. इंग्रजी शिकावं, शास्त्राचे निबंध त्यातच आहेत, मी कधी नको म्हटलेलं नाही. पण मराठी येणं ही पात्रता का धरत नाहीत? 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेतच आहे की जनसुनावणीआधी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यायचा. 2020 साली त्या अधिसूचनेचा नवा मसुदा आला तो फक्त इंग्रजी-हिंदीत. शेवटी दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत भाषांतर करा. मच्छीमाराला तो सारांश समजावून सांगणारं माणूस लागणारच ना? ती कंडक्टरची मुलगी हे काम झोपेत करील. तिच्या अर्जात त्यासाठी रकानाच नव्हता.

इथे कामाचा तर डोंगर पडला आहे. जैवविविधता कायदा 2002 चा. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही व्हायला हवी. वर्षानुवर्षं झाल्या नाहीत. मग राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये सांगितलं की 31 जानेवारी 2020 पर्यंत पुऱ्या करा, नाहीतर राज्याला महिना 10 लाख रुपये भरावे लागतील. महाराष्ट्रात ग्रामपंचायती जवळजवळ 28 हजार. काय घाई उडाली असेल विचार करा! आमच्या बाजूच्या एका गावची वही मी पाहिली. झाडांची यादी शेजारच्या गावाचीच, क्रमसुद्धा तोच. ते शेजारचं गाव खाडीवर आहे, हे डोंगरात. त्यामुळे डोंगरातल्या गावाच्या वहीत कांदळवन आलं आहे.

लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल माधव गाडगीळ समितीच्या 2011 च्या अहवालात आहे. त्यानंतर खाडीतल्या मासळीची महिन्याच्या महिन्याला नोंद ठेवायला इथलीच दहा मुलं का लावली नाहीत? आणि पूर. 22 जुलै 2021 चं पाणी चिपळुणात घराघरात किती चढलं, याच्या खुणा भिंतीवर होत्या. 2005 च्या खुणा त्यांच्या खाली. दर दिवाळीला रंग लागतो आणि आणखी काही घरांतली खूण जाते. निळी रेषा, लाल रेषा यावरून गावात एवढं रामायण झालं, पण घरोघर जाऊन टेप लावणारा विद्यार्थी मला एकही दिसला नाही. कसा दिसणार, त्या वेळी तो कुठल्यातरी शहरात फुकट डेटा भरत असणार.

राज्य सरकारने 2024 साली युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. पदवीधराला सहा महिने, दरमहा 10 हजार रुपये. म्हणजे मुलांना पैसे देऊन काम शिकवायचं हे तत्त्व सरकारलाही पटलेलं आहे. मग तालुक्याला पर्यावरणाची पाच-सहा मुलं अशीच घ्या. सहा मुलं, सहा महिने, दहा हजार: 3 लाख 60 हजार. एका बऱ्या उद्घाटनाच्या मांडवात जातात एवढे. वरून एक जाणता प्राध्यापक द्या, नोंदी तपासायला. वह्या खऱ्या होतील, मुलांचे श्रेयांकही होतील, आणि राहायला घर, जेवायला आईच्या हातचं.

तोवर आपल्यापुरतं. आपल्यापैकी तिघे-चौघे निरनिराळ्या ट्रस्टवर आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे. पुढच्या बैठकीत अंदाजपत्रकात विद्यावेतनाची ओळ आहे का ते विचारा, आणि नोंदणी शुल्क घेत असाल तर कशाचं घेता तेही. पुण्या-मुंबईच्या भावंडांनो, ज्यांची मुलं परदेशी आहेत आणि एक खोली बंद आहे, त्यांनी मला कळवा. एप्रिल-मे दोन महिने, मुलगी आपलं ताट आपण घासेल, याची हमी माझी. मी दोन नावं काढून ठेवली आहेत, तिसरं ते बिलं करणारीचं.