हसा, पण वसुली सोडू नका



१९७१ च्या निवडणुकीत 'गरिबी हटाओ' ही घोषणा आली. गरिबांनी विश्वासाने मतं दिली. पुढे धरणं आली, अभयारण्यं आली, गावं उठली. लोक म्हणायला लागले, "गरिबी कुठली, गरीब हटाओ!" एक वेलांटी इकडची तिकडे झाली आणि खरं काय ते बाहेर पडलं.

त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सरकारनेच हाक दिली होती : 'अधिक धान्य पिकवा'. ठाणे जिल्ह्यात जंगलजमिनीचे प्लॉट एकसाली म्हणून कसायला दिले. एक साल म्हणता म्हणता पिढ्या गेल्या. आता पाड्यावर आलेला पाहुणा जायचं नाव घेईना, की पोरं म्हणतात, "हा एकसाली दिसतोय!" आणि 'कसेल त्याची जमीन' ऐकलं की म्हातारे म्हणतात, "हो, अन् कसेल त्यालाच दंड!"

दिलेला शब्द पाळला नाही, की लोक त्याचा हिशोब असा ठेवतात. साहेबापुढे जे बोलता येत नाही, ते हसून बोलतात. ही आपली ताकद आहे.

पण हसून मन हलकं होतं आणि वसुली राहून जाते. साहेबालाही तेच बरं. आता २००६ च्या वनहक्क कायद्याचे शब्दही चेष्टेत निघालेत. 'दावा चालू आहे' म्हणजे फाईल धूळ खाते. 'ग्रामसभा झाली' म्हणजे सहीचं रजिस्टर घरोघर फिरलं. यावर आपणही हसतो.

इथे मात्र थांबलं पाहिजे. 'गरिबी हटाओ' घेऊन कुठल्या कचेरीत अपील करता येत नव्हतं. दावा आणि ग्रामसभा हे कायद्यातले शब्द आहेत. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्याच कायद्याच्या सुरुवातीला लिहून दिलंय.

म्हणून रजिस्टर घरी आलं तर सही करू नका, सभा बोलवा म्हणा. दाव्याची पोच घ्या. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा, ६० दिवसांच्या आत अपील करा. गार्डने फाडलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या जपून ठेवा. ज्या पावतीने आपल्याला चोर ठरवलं, तीच पावती १३ डिसेंबर २००५ च्या आधीची असेल, तर आपण तेव्हा जमीन कसत होतो याचा पुरावा आहे.

त्यांच्या घोषणांवर खुशाल हसा. आपल्या हक्काचा शब्द मात्र हसण्यावारी नेऊ नका.