तारापूरला उसंत देऊया

बोईसरला उतरून समुद्राच्या दिशेने निघालं की तारापूरचं अणुवीज केंद्र लागतं. देशातलं हे पहिलं. 1969 साली इथून वीज मिळू लागली. ज्यांनी हे स्वप्न पाहिलं ते होमी भाभा मात्र तीन वर्षं आधीच विमान अपघातात गेले होते.

1974 च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने मदतीचा हात आखडता घेतला. इंधनाची आणि सुट्या भागांची ओढाताण झाली, तरी आपल्या माणसांनी इथले दोन्ही संच चालू ठेवले. वाफेच्या यंत्रणेतल्या गळतीमुळे 210 मेगावॉटचा प्रत्येक संच 160 वर आणावा लागला. शेवटी पन्नाशी ओलांडल्यावर, 2020 मध्ये, दोन्ही संच थांबले आणि अणुभट्टीत पाणी खेळवणारे मोठे नळच बदलायची वेळ आली.

ही कथा एकट्या तारापूरची नाही. कोयनेचा पहिला टप्पा साठीच्या पुढचा आहे. गावातले वाकलेले खांब, तापून जळणारी डीपी, सोसायटीच्या जिन्याखालची ती काळवंडलेली मीटरखोली, हे सगळं आजोबांच्या पिढीने उभं केलं. आपण वापरलं. जपलं किती?

जुनं मोडीत काढून नवीन बांधू, असं म्हणणं सोपं आहे. पण नवीन केंद्राला नवीन जमीन लागते. तारापूरच्याच पुढच्या दोन संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांना घरदार सोडावं लागलं. तिथल्या मच्छीमारांना विचारा, गाव हलणं म्हणजे काय असतं. म्हणून जे सुरक्षितपणे नवं करता येईल, ते आधी नवं करूया. खोपोलीला 1915 पासून वीज तयार होते. यंत्रं बदलली, केंद्र आजही चालू आहे.

अडचण एकच. दुरुस्तीसाठी संच थांबवावा लागतो. विजेची मागणी रोज गळ्याशी आली असेल तर थांबवायचा कसा? आणि अणुभट्टीत तर 'चालतंय तोवर चालवू' हे कधीच चालत नाही.

ही उसंत आपण देऊ शकतो. साधा हिशोब करा. घरातला जुना पंखा साधारण 75 वॉट खातो. नव्या बीएलडीसी पंख्याला 30 च्या आसपास पुरतात. एका पंख्यामागे 45 वॉट वाचले. असे 70 लाख पंखे एकाच वेळी फिरत असतील तर वाचतात 315 मेगावॉट. तारापूरचे ते दोन जुने संच मिळून 320 मेगावॉटचे!

पंखा पाच वर्षांनी बदलायचाच असेल तर यंदा बदला. फ्रिज घेताना दुकानदाराला आधी तारे विचारा. शेतकरी बंधूंनो, पंपाला कपॅसिटर बसवा. आपली मोटर वाचेल, गावच्या डीपीवरचा ताणही कमी होईल. आकडे टाकणाऱ्याला गावानेच समजवावं, तो आपल्यातलाच आहे. सोसायटीच्या पुढच्या सभेत रंगकामाच्या आधी वायरिंगचा विषय घ्या.

आणि वीज नियामक आयोग दरवाढीवर जनसुनावणी घेतो, तिथे आपण दराबद्दल तावातावाने बोलतो. बोलायलाच हवं. पण यावेळी वीज कंपनीला एक प्रश्न आणखी विचारूया: आमच्या पैशांतून जुन्या तारा, जुनी रोहित्रं, जुनी केंद्रं नवी करायला किती खर्च केलात? सूचना लेखी देता येते, कुणालाही. पुढची सुनावणी जाहीर झाली की आपल्या गल्लीतून निदान एक अर्ज जाऊ द्या.