मैदान थांबवायचे की नाही, हे साथ येण्यापूर्वीच ठरवा

बोर्ली पंचतन : २३ जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारत आणि चिनी तैपेई यांच्यातील महिला आशियाई चषकाचा सामना व्हायचा होता. तो झालाच नाही. यजमान भारतीय संघातील अनेक खेळाडू कोरोनाबाधित निघाल्या आणि नियमानुसार किमान आवश्यक असलेल्या तेरा खेळाडूंची यादीही संघाला देता आली नाही. आशियाई फुटबॉल महासंघाने भारत स्पर्धेतून बाहेर पडल्याचे जाहीर केले. इराणविरुद्ध २० जानेवारीला बरोबरीत सुटलेला सामनाही निकालातून वगळण्यात आला. ही स्पर्धा २०२३ च्या विश्वचषकाची पात्रता फेरीही होती. साहजिकच विश्वचषकाचे दार भारतीय महिलांसाठी पराभवाविनाच बंद झाले.

साथीच्या काळात व्यावसायिक फुटबॉल थांबवावा की सुरू ठेवावा, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा इंग्लंड, जर्मनी अथवा इटलीच्या उदाहरणांनी होते. वास्तविक या प्रश्नाची सर्वांत बोलकी उत्तरे मुंबई, नवी मुंबई आणि गोव्यातच मिळाली आहेत. ती तपासून पाहण्याची हीच वेळ आहे, कारण साथ अंगावर आल्यानंतर घेतलेले निर्णय घाईचे असतात आणि बहुधा बलवानांच्या सोयीचे ठरतात.

युरोपचा धडा

प्रेक्षकांसह सामने खेळवण्याचा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. १९ फेब्रुवारी २०२० रोजी मिलानच्या सॅन सिरो मैदानावर अटलांटा व व्हॅलेन्सिया यांच्यात चॅम्पियन्स लीगचा सामना झाला. बर्गामो शहरातून हजारो प्रेक्षक मिलानला गेले होते. पुढच्या काही आठवड्यांत बर्गामो हे युरोपातील साथीचे सर्वांत भीषण केंद्र बनले. त्याला हा एकच सामना जबाबदार होता असे म्हणता येणार नाही. परंतु तेथील डॉक्टर व अधिकाऱ्यांनी या सामन्याकडे संसर्गाला वेग देणारे एक कारण म्हणून बोट दाखवले. ११ मार्चला लिव्हरपूलमध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदविरुद्धचा सामना भरल्या मैदानात झाला. स्पेनमध्ये तोवर प्रेक्षकांविना सामने खेळवण्याचा निर्णय झालेला होता. तरीही माद्रिदहून सुमारे तीन हजार पाठीराखे इंग्लंडमध्ये दाखल झाले. दोनच दिवसांनी इंग्लंडची प्रीमियर लीग थांबली.

खरा वाद रिकाम्या मैदानांबाबत आहे. जर्मनीने १६ मे २०२० रोजी बुंडेसलीगा पुन्हा सुरू केली. मैदान व परिसरात मिळून तीनशेच्या आसपास माणसे, खेळाडूंच्या वारंवार चाचण्या, असा तो आराखडा होता. फ्रान्सने नेमका उलट मार्ग पत्करला. तेथील पंतप्रधानांनी २८ एप्रिलला हंगाम पुन्हा सुरू करता येणार नसल्याचे जाहीर केले आणि पॅरिस सेंट जर्मेनला विजेता ठरवून लीग संपवण्यात आली. क्लब न्यायालयात गेले, प्रक्षेपणाच्या पैशांवरून तंटे झाले. जर्मनीचा निर्णय बरोबर आणि फ्रान्सचा चूक, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मात्र जर्मनीकडे त्या वेळी चाचण्यांची मुबलक सोय होती आणि रुग्णालयांत खाटा शिल्लक होत्या, हे विसरून चालणार नाही. खेळ सुरू ठेवण्याची मुभा तेथील आरोग्यव्यवस्थेने मिळवून दिली होती.

गोव्याचा प्रयोग

भारतात १४ मार्च २०२० रोजी इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना मडगावजवळच्या फातोर्ड्यात प्रेक्षकांविना झाला आणि त्यानंतर देशातील फुटबॉल थांबले. आय लीगचे उरलेले २८ सामने रद्द करून मोहन बागानला विजेता घोषित करण्यात आले. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालीम मंडळांच्या संघांचा हंगामही थांबला.

पुढच्या हंगामात आयएसएलने अकरा संघ गोव्यात आणले. फातोर्डा, वास्कोचे टिळक मैदान आणि बांबोळीचे जीएमसी मैदान या तीनच ठिकाणी २० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१ या काळात ११५ सामने झाले. अंतिम सामन्यात मुंबई सिटीने एटीके मोहन बागानवर २-१ अशी मात केली. देशातील पहिली लाट त्या वेळी ओसरत होती, रुग्णालयांवरचा ताण कमी झाला होता. अशा काळात खेळ सुरू ठेवण्याचा निर्णय योग्यच होता, असे म्हणावे लागेल. खेळाडू, प्रशिक्षक, पंच, मैदानाची निगा राखणारे कामगार, हॉटेल कर्मचारी, बसचालक अशा अनेकांच्या चुली त्यामुळे पेटत्या राहिल्या.

तथापि हे यश सर्वांच्या वाट्याला आले नाही. राज्यांच्या संघांची संतोष करंडक स्पर्धा घ्या. एप्रिल २०१९ नंतर तिची अंतिम फेरी थेट एप्रिल २०२२ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात झाली. महिलांची राष्ट्रीय लीग फेब्रुवारी २०२० नंतर दोन वर्षांहून अधिक काळ झाली नाही. ज्यांच्यामागे प्रक्षेपणाचा पैसा होता त्यांच्यासाठी सुरक्षित कडे उभारले गेले. ज्यांच्यामागे तो नव्हता त्यांना घरी बसावे लागले. फुटबॉलपटूची उमेदीची वर्षे दहा-बारा असतात. त्यातली दोन-तीन वर्षे निघून गेली की, नोकरीतील खेळाडूंचा कोटा, शिष्यवृत्ती, मोठ्या संघाचे बोलावणे या साऱ्याच संधी हातून जातात. म्हणजे व्यावसायिक फुटबॉल थांबावा की नाही हा प्रश्न विचारला जात असताना बाकीचे फुटबॉल कुणी न विचारताच थांबले होते.

एप्रिल २०२१ ची कसोटी

दुसऱ्या लाटेत मात्र गणित पूर्णपणे बदलले. १८ एप्रिल २०२१ रोजी महाराष्ट्रात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. प्राणवायू, रेमडेसिव्हिर आणि खाटा यांसाठी नातेवाईक वणवण फिरत होते. त्याच महिन्यात फातोर्ड्यात एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळत होता. या टप्प्यावर पोहोचलेला तो पहिला भारतीय क्लब. अल रय्यान व अल वाहदा या बलाढ्य क्लबांना त्याने गोलशून्य बरोबरीत रोखले, ही कामगिरी निःसंशय अभिमानास्पद होती. परंतु त्याचा शेवटचा सामना २९ एप्रिलला झाला आणि त्याच दिवशी सायंकाळपासून गोव्यात टाळेबंदी लागू झाली. एकाच दिवसाच्या या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते.

क्रिकेटने हाच कित्ता अधिक मोठ्या प्रमाणावर गिरवला. १४ एप्रिलपासून महाराष्ट्रात कडक निर्बंध असताना वानखेडे स्टेडियमवर २५ एप्रिलपर्यंत आयपीएलचे सामने होत राहिले. अखेर सुरक्षित कड्यातच संसर्ग शिरला आणि ४ मे रोजी स्पर्धा स्थगित करावी लागली. प्राणवायूसाठी देश तळमळत असताना खेळाचे आयोजक स्वतःहून थांबले नाहीत. त्यांना विषाणूने थांबवले.

मोजक्या चाचण्या आणि काही रुग्णवाहिका वाचवून साथ आटोक्यात आली नसती, असा युक्तिवाद तेव्हा केला गेला. आकड्यांपुरता तो खरा आहे. परंतु जेथे सामान्य रुग्णाला चाचणीच्या अहवालासाठी दिवस काढावे लागतात, तेथे निरोगी खेळाडूची वारंवार होणारी चाचणी हा केवळ आकड्यांचा विषय राहत नाही. निर्बंध पाळायचे कोणी आणि त्यातून सूट घ्यायची कोणी, याचा तो जाहीर निवाडा असतो.

किनाऱ्यावरून काय दिसते?

श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन, दिवेआगर या पट्ट्यातून पाहिले तर हा निवाडा अधिक स्पष्ट दिसतो. येथील घराघरांतील माणसे मुंबईत चाकरीला आहेत, कित्येक आखातात आहेत. २०२० च्या उन्हाळ्यात मुंबईकर चाकरमानी गावी परतले तेव्हा त्यांच्या विलगीकरणाची सोय गावांनी आपापल्या ताकदीनुसार केली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने हा किनारा झोडपून काढला. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, छपरे उडाली, विजेचे खांब कोसळले. जर्मनीत फुटबॉल सुरू होऊन त्या वेळी अडीच आठवडे झाले होते. इंग्लंडमध्ये १७ जूनला सामने सुरू झाले. दूरचित्रवाणीवरचा खेळ हा घरात अडकलेल्या माणसाचा विरंगुळा आहे, हे म्हणणे खोटे नाही. परंतु येथील अनेक गावांत कित्येक दिवस वीजच नव्हती. विरंगुळ्याचा युक्तिवाद ज्यांच्या घरात दिवा लागतो त्यांच्यापुरताच खरा असतो.

एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा घातली होती. गावकऱ्यांनी ती पाळली. ग्रामदैवतांच्या पालख्या, जत्रा, टेनिस चेंडूचे क्रिकेट सामने, सारे बंद ठेवले गेले. ज्यांनी आपल्या मुलीच्या लग्नाला सख्ख्या नातेवाइकांना बोलावले नाही, त्यांना वानखेडेवरील प्रकाशझोत पाहून काय वाटले असेल? निर्बंधांचे पालन हे पोलिसांच्या काठीपेक्षा लोकांच्या विश्वासावर चालते. सर्वांना एकच नियम आहे, या समजुतीला तडा गेला की पुढच्या वेळी नियम पाळून घेणे कठीण जाते. साथरोगतज्ज्ञांच्या तक्त्यात न दिसणारी ही किंमत आहे आणि ती खेडोपाडी मोजावी लागते.

थांबण्याचा खर्च कोणाचा?

तरीही खेळ सरसकट थांबवा, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. थांबण्याचा खर्च वरून खाली सरकत जातो. लिव्हरपूलसारख्या धनाढ्य क्लबाने एप्रिल २०२० मध्ये कर्मचाऱ्यांचे वेतन सरकारी योजनेतून देण्याचे ठरवले आणि टीका झाल्यावर माघार घेतली. कोलकात्यात ईस्ट बंगालच्या तत्कालीन गुंतवणूकदार कंपनीने अनिवार्य आपत्तीच्या कलमाचा आधार घेऊन खेळाडूंचे करार मुदतीपूर्वीच संपवले. जुलै २०२५ मध्ये तर साथ नसतानाही, केवळ व्यावसायिक हक्कांच्या करारावरून, आयएसएलचा नवा हंगाम लांबणीवर पडला आणि काही क्लबांनी वेतन रोखले. मैदान कोणत्याही कारणाने बंद पडो, पहिली झळ करारावरच्या माणसालाच बसते.

आपला कायदाही येथे अपुरा आहे. महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला, तो मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळी, १८९७ साली झालेला. मैदाने, नाट्यगृहे, बाजार बंद करण्याचे अधिकार शासनाला सहज मिळतात; बंद पडलेल्या माणसाच्या पगाराची तरतूद मात्र त्यात नाही. टाळेबंदीत पूर्ण वेतन द्यावे, असा केंद्रीय गृह मंत्रालयाचा २९ मार्च २०२० चा आदेशही मे महिन्यात मागे घेतला गेला.

चार अटी

या अनुभवातून काही अटी निश्चित करता येतील. पहिली, खेळ थांबवण्याचा निकष प्रेक्षकांची संख्या अथवा सुरक्षित कड्याची मजबुती हा नसावा. जिल्ह्यातील खाटा, प्राणवायू आणि चाचण्यांची उपलब्धता हा असावा. ठरावीक मर्यादा ओलांडली की सामने आपोआप थांबतील, असे परवान्यातच लिहिलेले असावे. म्हणजे आयोजकांची मर्जी अथवा मंत्र्यांचा फोन यांना वाव राहणार नाही.

दुसरी, वेळापत्रकात थांबण्याची जागा हवी. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेत गोव्यातील आयएसएलचे अनेक सामने पुढे ढकलले गेले, तरी स्पर्धा मार्चमध्ये पूर्ण झाली. कारण लीगचे वेळापत्रक लांब होते. महिला आशियाई चषक १७-१८ दिवसांचा. मुंबईत ७ जानेवारीला एका दिवसात २०,९७१ रुग्ण आढळले होते, तरी स्पर्धा ठरल्या तारखेला सुरू झाली आणि एक संघ आजारी पडताच त्याला बाहेर काढण्यावाचून नियमांत दुसरी वाट नव्हती. चार-पाच राखीव दिवसांची तरतूद असती तर निदान प्रयत्न तरी करता आला असता.

तिसरी, क्लब आणि महासंघ यांच्या प्रक्षेपण उत्पन्नातील ठरावीक वाटा आपत्कालीन निधीत जावा आणि त्यातून कनिष्ठ साखळीतील खेळाडू, पंच व मैदान कामगारांना बंदच्या काळात किमान वेतन मिळावे. चौथी, मोठ्या लीगला सूट मिळाली तर राज्य, महिला व कुमार स्पर्धांनाही त्याच निकषावर परवानगी मिळावी आणि आवश्यक सोयीचा खर्च मोठ्यांनी उचलावा. सूट ही श्रीमंतीची मिरास होता कामा नये.

या अटी फुटबॉलला जाचक वाटतील. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य राष्ट्रांनी २० मे २०२५ रोजी साथींविषयीचा करार स्वीकारला, तो पुढची साथ येणार हे गृहीत धरूनच. लसी, चाचण्या व औषधे यांच्या न्याय्य वाटपाची भाषा त्यात आहे. राष्ट्रांना लागू असलेले हे तत्त्व क्रीडा संघटनांना नाकारता येणार नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि राज्य शासन यांनी एकत्र बसून अशी नियमावली शांततेच्या काळातच तयार केली पाहिजे. त्याला फार मोठ्या निधीची गरज नाही, इच्छाशक्तीची मात्र आहे. ती न दाखवल्यास पुढच्या साथीतही मैदाने कधी बंद व्हावीत हे विषाणूच ठरवील आणि त्याची किंमत, नेहमीप्रमाणे, ज्यांचे सामने दूरचित्रवाणीवर दिसत नाहीत ते खेळाडू मोजतील.