माळ्यावरचे पोस्टर आणि बाजारातला भरवसा

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नसतो. आजोबा एकेकाळी थिएटरात बुकिंगवर असतात, नाहीतर काकांना सिनेमाचा नाद असतो. जुन्या चादरीत बांधलेली गुंडाळी उलगडावी, तर आत 'मदर इंडिया' किंवा 'दीवार'! मग घरात एकच गलका. "अहो, याला आता लाखांत भाव येतो म्हणे," असे कुणीतरी सांगतो आणि उत्साही चिरंजीव पोस्टर काखोटीला मारून थेट लॅमिनेशनवाल्याचे दुकान गाठतात. घात होतो तो इथेच.

पोस्टरला भाव येतो हे काही खोटे नाही. मुळात ही वस्तू जपून ठेवण्यासाठी छापलीच जात नसे. भिंतीला खळ लावून चिकटवायची, चित्रपट उतरला की त्याच्यावर दुसरी. उरलेला गठ्ठा रद्दीत. म्हणून जे वाचले ते मोलाचे ठरले. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'साठी केलेल्या पोस्टरची गणना आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टर्समध्ये होते, ती या दुर्मीळपणामुळेच.

अमेरिकेत तर या छंदाचा मोठा बाजारच उभा राहिला. १९३२ सालच्या 'द ममी' या भयपटाचे एक पोस्टर १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४,५३,५०० डॉलरला गेले. 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाच्या पोस्टरला २००५ साली ६,९०,००० डॉलर मिळाले. कागदाच्या एका तुकड्याला एवढे पैसे! साहजिकच हौसेने जमवणाऱ्यांच्या मागोमाग गुंतवणूक करणारेही आले. सोने घ्यावे, जमीन घ्यावी, तसे पोस्टर घ्यावे.

पण सोने मोडायला सोनार कोपऱ्यावर असतो. पोस्टर मोडायचे तर तितकाच वेडा दुसरा माणूस शोधावा लागतो. 'मेट्रोपोलिस'ची ती प्रत ज्यांच्याकडे होती त्या संग्राहकाचे दिवाळे निघाले आणि २०१२ मध्ये 'मेट्रोपोलिस'सह नऊ पोस्टर्सचा गठ्ठा एकदमच बारा लाख डॉलरला विकावा लागला. 'द ममी'ची एक प्रत २०१८ साली पुन्हा लिलावात आली. या वेळी अपेक्षा दहा ते पंधरा लाख डॉलरची होती. प्रत्यक्षात एकही बोली लागली नाही. आता त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ मध्ये, 'ड्रॅक्युला'च्या १९३१ सालच्या पोस्टरला ५,२५,८०० डॉलर मिळाले होते, तेव्हा बाजार मेला म्हणावे तर तसेही नाही. शिखरावरच्या मोजक्या वस्तूंना गिऱ्हाईक असते. हाल होतात ते मधल्या फळीचे. ज्यांनी लहानपणी ते चित्रपट पाहिले ती पिढी म्हातारी होते, त्यांचे संग्रह एकामागून एक विक्रीला येतात आणि मुलांना त्या नटनट्यांची नावेही ठाऊक नसतात. शिवाय भाव वाढल्याची बातमी फुटली की कुणाकुणाच्या पोटमाळ्यावरून आणखी प्रती बाहेर पडतात. काल 'एकुलती एक' असलेली वस्तू आज पाचांतली एक होते.

त्यात भर पडली अविश्वासाची. २००९ च्या सुमारास अमेरिकेतल्या संग्राहकांच्या लक्षात आले, की १९३० च्या दशकातल्या गाजलेल्या भयपटांची म्हणून विकली गेलेली काही पोस्टर्स आणि थिएटरात लावायची चित्रकार्डे चक्क बनावट आहेत. प्रकरण पोलीस तपासापर्यंत गेले आणि जॉर्जिया राज्यातल्या एका विक्रेत्याने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. फसलेले लोक नवशिके नव्हते, वर्षानुवर्षे या धंद्यात मुरलेले होते. मग ते फसले कसे?

याचे एक उत्तर डागडुजीत आहे. जुना कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातल्या आम्लाने तो पिवळा पडतो, घडीवर तुटतो. त्याला वाचवण्याची रीत अशी, की कॅनव्हासवर पातळ जपानी कागद आणि त्यावर गव्हाच्या खळीने पोस्टर चढवायचे, मग फाटल्या जागी जुळता कागद भरून रंगाचा हात फिरवायचा. काम उत्तम असते आणि त्याची खरी खुबी खळीत आहे, कारण उद्या पाणी लावून ती सोडवता येते. पण कापडावर चढलेल्या पोस्टरची पाठ दिसत नाही. घड्या बुजतात, रंग नवे होतात. किती मूळ आणि किती भरलेले, हे डोळ्यांना कळेनासे होते. म्हणजे जी कारागिरी पोस्टरला जीवदान देते, तिच्याच आडोशाला लबाडीही लपू शकते. याचा फटका प्रामाणिक कारागिरालाही बसला. पूर्वी 'सुंदर डागडुजी केलेले' हे शब्द भाव चढवत. आता गिऱ्हाईक आधी डागडुजीपूर्वीचा फोटो मागते. जुन्या घड्या दिसणारे, कडेला थोडे फाटलेले पोस्टर पुष्कळांना अधिक भरवशाचे वाटू लागले आहे. त्यांचे काही चुकते असे नाही.

आपल्याकडे बनावटीपेक्षा गफलत जास्त. मुंबईच्या चोर बाजारात हिंडणाऱ्याला 'असली माल' चा पुकारा नवा नाही. पण गाजलेले चित्रपट पुन्हा पुन्हा प्रदर्शित होत आणि दर वेळी नवी पोस्टर्स निघत. 'मुगल-ए-आझम' १९६० चा, पण त्याची रंगीत आवृत्ती २००४ मध्ये आली आणि तिचीही पोस्टर्स छापली गेली. ती खोटी नाहीत, फक्त १९६० ची नाहीत. दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. सांगणाऱ्याने साल सांगितले नाही आणि घेणाऱ्याने विचारले नाही, की झाले.

तेव्हा पाकीट उघडण्याआधी भिंग उघडावे. ऑफसेटच्या छपाईत रंगाचे ठिपके शिस्तीत, जाळीसारखे दिसतात. संगणकाच्या इंकजेट छपाईत ते शिंतोड्यांसारखे विखुरतात. छापील पोस्टरचा फोटो घेऊन पुन्हा छापले असेल, तर तळाशी असणारे छापखान्याचे बारीक नाव फुगीर आणि पुसट होते. नोटा तपासायचा निळा दिवाही कामी येतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चमक देणारी रसायने साधारण १९५० नंतर रुळली. तेव्हा १९३५ चे म्हणून दाखवलेले पोस्टर त्या दिव्याखाली धुतलेल्या सदऱ्यासारखे निळसर लकाकू लागले, तर ते मुकाट्याने परत गुंडाळून द्यावे. आणि पावती घ्यावी. तिच्यावर साल, पहिले प्रदर्शन की पुढचे, आणि कुठे काय भरले आहे, एवढे लिहून मागावे. लिहून द्यायला जो कुरकुरतो, त्याच्याशी घासाघीस करण्यात अर्थ नसतो.

राहिले ते चिरंजीव. प्लॅस्टिकचे लॅमिनेशन गरम करून चिकटवतात आणि ते सोडवू गेले तर कागदाचा वरचा थर रंगासकट निघून येतो. संग्राहकाच्या लेखी असे पोस्टर जवळजवळ संपलेच. त्यापेक्षा सांधायला चिकटपट्टीसुद्धा न लावता, आम्लविरहित कागदात सैल गुंडाळून, कोरड्या जागी आडवे ठेवावे. भाव आला तर बरेच. नाही आला तर काचेच्या चौकटीत घालून, उन्हापासून दूर, बैठकीच्या खोलीत लावावे. आजोबांनी ते विकण्यासाठी ठेवले नव्हते.